ईश्वरसान्निध्य (मराठी ख्रिस्ती परंपरा)

बाप्तिस्मा आणि उपासनेतली हजेरी यांपलीकडे जाऊन येशूशी थेट, वैयक्तिक नाते जोडण्याची ख्रिस्ती साधना. प्रार्थना, शास्त्रवाचन, एकांत आणि पश्चात्ताप ही तिची नेहमीची साधने. मात्र बाप्तिस्मा आणि हे नाते एकाच दिवशी जुळतात असे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या त्यांच्या मुक्ति मिशनमध्ये १९०५ साली रोजच्या सामूहिक प्रार्थनेतून मोठे आध्यात्मिक जागरण झाले.

कवी नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) वाट वेगळी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. टिळकांनी तो निव्वळ त्याला दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरुमाउली होतो, आणि विलायती चालींच्या स्तोत्रांपेक्षा ही जवळीक मराठी कानाला सहज कळते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.