दौंडची वाफ आणि क्लॉसियसचा शब्द

1858 साली पुणे ते दिकसाळ लोहमार्ग सुरू झाला आणि भीमाकाठच्या दौंडला वाफेचे इंजिन आले. उष्मागतिकीतला ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द मात्र रुडॉल्फ क्लॉसियसने घडवला तो 1865 मध्ये. पाठ्यपुस्तकात आधी नियम आणि मग यंत्र; इतिहासात क्रम नेमका उलटा.

बॉयलरमधील वाफ दट्ट्या ढकलते आणि धुराड्यातून निघून जाते. एवढी उष्णता वाया का घालवावी?

28 वर्षांच्या सादी कार्नोने 1824 मध्येच दाखवले होते, की उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते तेव्हाच काम मिळते. पाणचक्कीवरून पडणाऱ्या पाण्याप्रमाणे उष्णता तेवढीच उरते, हा त्याचा समज मात्र चुकीचा. तो 1850 मध्ये क्लॉसियसने दुरुस्त केला: काही उष्णतेचे काम होते, उरलेली सोडावीच लागते.

वाफ 170 अंश सेल्सिअसची, बाहेर पडताना 100 अंशांची धरू. निरपेक्ष तापमाने 443 आणि 373. फरक 70, त्याला 443 ने भागले, की कमाल कार्यक्षमता सुमारे 16 टक्के. कारागीर कितीही निष्णात असो, मर्यादा हीच. प्रत्यक्षातल्या इंजिनांना तिच्या निम्म्यापर्यंत पोचणेही जड जाई.

1878 मध्ये मनमाडचा फाटा जोडला जाऊन दौंड जंक्शन झाले. शेजारच्या शिरूरला मात्र रूळ पोचलेच नाहीत. तिथल्या बैलगाडीची ऊर्जा वैरणीतून येई. पहिला नियम बैलालाही चुकलेला नव्हता.