दारूचा हिशेब : स्त्रीचा आणि पुरुषाचा

दारूचा हिशेब दोन वह्यांत मांडावा लागतो. एक वही सरकारी खजिन्याची. तींत अबकारीचें उत्पन्न जमा होतें. दुसरी घराची, तींत बहुधा नांवेंच पडत असते.

मुंबई इलाख्यांत १८७८ सालीं अबकारीचा कायदा झाला आणि दारू गाळण्याचा धंदा सरकारी देखरेखीखालीं आला. पुढें नाशिक रोड येथें सरकारी भट्टी उभी राहिली. दारूपायीं होणाऱ्या औषधपाण्याचा खर्च मात्र अबकारीच्या वहींत चढण्याचें कारण नव्हतें.

१९३७ च्या खेर मंत्रिमंडळांत आरोग्य व अबकारी हीं दोन्ही खातीं एकाच गृहस्थाकडे, डॉ. मंचेरशा गिल्डर यांजकडे होतीं. ते स्वतः नामांकित डॉक्टर. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी झाली, आणि बुडणाऱ्या उत्पन्नाच्या भरपाईसाठीं शहरांतील स्थावर मिळकतींवर कर बसला. लोकांच्या प्रकृतीसाठीं खजिन्यानें तोटा सोसावा, हा विचार त्यामागें होता. १९४९ च्या कायद्यानें बंदी प्रांतभर नेली. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मात्र ठेविला.

आतां पिणारे कोण तें पाहूं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकीं सुमारें १९ टक्के, तर स्त्रियांपैकीं सुमारें १ टक्का मद्य घेत असल्याचें आढळलें. अर्थात् दारूच्या रोगांवरील खर्च मुख्यतः पुरुषांच्याच नांवें पडतो. परंतु यावरून स्त्रीदेहास दारू कमी बाधते असें समजूं नये. स्त्रीच्या शरीरांत पाण्याचा अंश कमी. म्हणून तेवढ्याच वजनाच्या पुरुषाइतकी दारू घेतली तरी तिच्या रक्तांतील प्रमाण अधिक चढतें, आणि यकृतही थोड्या मात्रेनें बिघडतें.

याहून मोठी रक्कम दारूस न शिवणाऱ्या स्त्रीच्या माथीं येते. यजमान अंथरुणास खिळले कीं शुश्रूषा तिची, मजुरी तिची, गहाण पडणारा दागिनाही तिचाच. मारहाणीची जखम ती झांकते. स्वतःचा ताप पैशाअभावीं अंगावर काढते. रुग्णालयांत ती गेलीच नाहीं, तर तिचा खर्च कोणत्या पुस्तकांत दिसणार?

महाराष्ट्रांत गांवच्या स्त्रियांच्या मागणीवरून ‘उभी बाटली कीं आडवी’ असें गुप्त मतदान घेण्याची सोय सरकारी आदेशानें झाली, आणि अनेक ठिकाणीं बाटली आडवी झाली. आज नाशिक द्राक्षमद्यासाठीं नांवाजलें आहे. तेथील मद्याचा नफातोटा काढूं पाहणाऱ्यानें ही घरची वहीही उघडली पाहिजे.