थेंब वाळण्याआधी

गाडी धुऊन उन्हात तशीच वाळू दिली की बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात आणि आपण पुन्हा पाइप धरतो. हे ठिपके मळाचे नसतात. पाणी उडून जाते, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे उरतात. बोअरच्या जड पाण्याने ते जास्तच दिसतात. म्हणून थेंब वाळण्याआधी टिपायला हवा.

टिपण्याच्या साधनालाही इतिहास आहे. युरोपात शामॉय या डोंगरी प्राण्याचे कातडे माशाच्या तेलात कमावत. ते मऊ असे आणि पाणी चांगले शोषी. पुढे मेंढीचे कातडेही त्याच नावाने विकले जाऊ लागले. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धाग्यांचे कापड घडवले. आजचे मायक्रोफायबर त्याच वाटेवरचे.

पैगंबर (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरहूनही कमी पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये येते. आपल्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी न्यावे लागले. म्हणून मला वाटते, गाडी सावलीत, दोन बादल्यांत धुवावी आणि लगेच पुसावी. डाग राहत नाहीत, आणि ते घालवायला पुन्हा पाणी लागत नाही.