पावसाळा आणि पेजेची वाटी
पावसाळा लागला, कीं पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आगबोटींची ये-जा बंद पडे. खाड्या फुगत, गढूळ पाणी विहिरींत शिरे, आणि मुरूड-श्रीवर्धनकडील एखाद्या खेड्यांत हगवण लागलेलें मूल वैद्यापर्यंत नेणें दुरापास्त होई.

पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यानें १८८४ मध्यें कलकत्त्यास वेगळा केला. तथापि मुलाचा जीव घेई तो शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें पडणारा शोष. साखरेच्या जोडीनें आंतडीं मीठ व पाणी शोषून घेतात, हें पुढें उमगलें. १९७१ च्या पावसाळ्यांत बंगालमधील बनगांवच्या निर्वासित-छावणींत डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं साखर-मिठाचें पाणी पाजविलें; मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या खालीं आलें.

कोंकणांतील मीठ घातलेल्या पेजेचें निवळही याच तत्त्वावर उपयोगी पडतें. घातक होती ती हगवणींत पाणी तोडण्याची जुनी समजूत. उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोटघोट पाजावें. अंगावरचें दूध तोडूं नये. मूल मलूल झाल्यास दवाखाना गांठावाच. परंतु तोंवर त्याला तगविणारें साधन घरच्या चुलीपाशींच असतें.