टायरच्या भिंतीचं कूळ

टाकाऊ वस्तूंचं घर हे कालपरवाचं खूळ वाटतं, पण त्याचं कूळ बरंच जुनं आहे. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ऱ्हायोलाइट हे सोन्याच्या खाणीचं गाव होतं. तिथे लाकडाची वानवा आणि गुत्त्यांची रेलचेल. मग टॉम केली नावाच्या वयस्क गृहस्थानं १९०६ च्या सुमारास हजारो रिकाम्या बाटल्या मातीत रचून घर उभं केलं. पुढे १९६० च्या दशकात आल्फ्रेड हायनेकन या बिअरवाल्यानं विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी बाटलीच बनवून घेतली. क्युरासाओ बेटावर त्याला एकीकडे किनाऱ्यावरच्या बाटल्या दिसल्या होत्या, दुसरीकडे धड घर नसलेली माणसं. ती बाटली मात्र पुढे टिकली नाही.

टायरची घरं बांधणाऱ्या मायकेल रेनॉल्ड्सची सुरुवातही बिअरपासूनच. सिनसिनाटीला वास्तुशास्त्र शिकून तो १९६९ साली बाहेर पडला आणि न्यू मेक्सिकोतल्या टाओसला गेला. रस्तोरस्ती पडलेल्या बिअरच्या डब्यांच्या आणि घरटंचाईच्या बातम्या टीव्हीवर होत्याच. त्यानं रिकामे डबे तारेनं बांधून त्यांचे ठोकळे केले, १९७२ साली त्यांचं घर बांधलं आणि पाठोपाठ त्या विटेचं पेटंटही घेतलं.

पण टाओस समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवर. ऊन लख्ख आणि हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठवणाऱ्या. पोकळ डब्याच्या भिंतीत दिवसाची ऊब साठत नाही. त्यासाठी वजनदार भिंत लागते. हे शेजारच्या टाओस पुएब्लोतले मूळ रहिवासी शेकडो वर्षं जाणून होते, त्यांची घरं जाड मातीचीच. फळ्यांच्या साच्यात माती ठासायची तर साचा महाग पडतो. म्हणून रेनॉल्ड्स जुन्या टायरकडे वळला. टायर हा फुकटचा साचा, आणि काम झालं तरी काढावा लागत नाही! माझ्या मते या घराची खरी कर्तबगार मातीच, टायर तिचं नुसतं भांडं. डबे मात्र पुढे आतल्या, भार न पेलणाऱ्या भिंतींत भर म्हणून गेले.

टायर भरणं हे कंबरडं मोडणारं काम. टायर जागेवर मांडायचा, तळाशी पुठ्ठ्याचा तुकडा टाकायचा. एकानं फावड्यानं माती घालायची, दुसऱ्यानं घणानं ती कडेच्या पोकळीत ठासत गोल फिरायचं. टायर टम्म फुगतो आणि वजन जातं सव्वाशे-दीडशे किलोवर. नंतर हलवायचं म्हटलं तरी हलत नाही, म्हणूनच तो आधी जागेवर मांडायचा. वरचा थर विटांसारखा सांधा चुकवून येतो. अशा शेकडो टायरांची भिंत मागच्या बाजूला, तिच्या पाठीला मातीचा बांध आणि समोर दक्षिणेला काच. हिवाळ्यात खाली उतरलेलं ऊन थेट भिंतीपर्यंत पोहोचतं, रात्री भिंत तीच ऊब परत देते.

पाण्याचा हिशेब याहून काटकसरीचा. टाओसला वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. छपरावरचं पाणी टाकीत, गाळून न्हाणीघरात, तिथून काचेमागच्या वाफ्यात. झाडांनी निवळलेलं पाणी संडासाच्या टाकीला आणि शेवटी मैला टाकीतून बाहेरच्या झाडांना. बाहेर बर्फ असताना आत केळी धरते ती याच सांडपाण्यावर. वीज सूर्याची आणि वाऱ्याची. तरी सिमेंट, काच आणि बॅटऱ्या विकतच आणाव्या लागतात. ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द जरा जपूनच वापरावा.

कायद्याला हे झेपणं कठीणच होतं. नळजोड नाही, गटार नाही, भिंत भंगाराची. १९९० च्या दशकात रेनॉल्ड्सच्या अशा घरांच्या वसाहतींची कामं थांबली, पुढे वास्तुविशारदाचा परवानाही गेला. २००४ च्या त्सुनामीनंतर तो साथीदारांसह अंदमानात आला आणि टायर-बाटल्यांचं, पावसाचं पाणी साठवणारं घर बांधून दाखवलं. तिकडे न्यू मेक्सिकोत अशा प्रयोगांसाठी वेगळ्या जागेची सोय करणारा कायदा मंजूर व्हायला २००७ साल उजाडलं.