रुमाल, प्याला आणि जातं

 

यंदाच्या पावसाळ्यात निंदण-खुरपणातून वेळ मिळाला तशी आम्ही एक जुनी नाटकं वाचायला घेतली. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिलंच नाटक होतं राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. वाचन शेवटाकडे आलं. दारूच्या भरात नवऱ्यानं घर उद्ध्वस्त केलेलं, पाळण्यातलं लेकरू गेलेलं, सिंधू स्वतः मरणाच्या दारात. तरी ती पोलिसांसमोर नवऱ्याचं नाव येऊ देत नाही. तेव्हा आमच्यातली एक वयस्क मावशी म्हणाली, “मारलं त्यानं, अन् खोटं काहून बोलली हे?”

कोणीच बोललं नाही. कारण असं खोटं आपल्यातल्या कितीतरी जणींनी कधी ना कधी ऐकलं आहे. पायरीवरून पडली, बैलानं ढकललं, दाराची चौकट लागली. मावशीच्या त्या प्रश्नाचा माग काढत आम्ही मागे मागे गेलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

ज्या नाटकाचा शेवट दुःखात होतो त्याला आपण शोकांतिका म्हणतो. कोणी शोकात्मिकाही म्हणतात. नुसतं कोणी मेलं म्हणून शोकांतिका होत नाही. अंगावर वीज पडून माणूस गेला तर तो अपघात. चांगला, कर्तबगार माणूस स्वतःच्याच एखाद्या चुकीनं, हट्टानं किंवा आंधळेपणानं पायरी पायरीनं खाली जातो आणि आपल्यासोबत दुसऱ्यांनाही ओढतो, तेव्हा ती शोकांतिका. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या ॲरिस्टॉटल या विचारवंतानं हे मांडून ठेवलं. अशी नाटकं पाहताना आपल्याला त्या माणसाची कीव येते आणि भीतीही वाटते, असं तो म्हणतो. भीती याची, की हे आपल्याही घरी होऊ शकतं.

आपल्याकडे संस्कृत नाटकांत करुण रस भरपूर, पण शेवट बहुधा गोडच. शकुंतलेला दुष्यंत विसरतो, तरी अखेर दोघं भेटतात. भासाचं ‘ऊरुभंग’ हे वेगळं उदाहरण. त्यात मांड्या मोडलेला दुर्योधन शेवटी रंगमंचावर प्राण सोडतो. भासाची ही नाटकं कित्येक शतकं दृष्टीआड होती. १९१२ पासून त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्री यांनी ती छापली, तेव्हा लोकांना ती पुन्हा वाचायला मिळाली.

म्हणून मराठीत दुःखान्त नाटक आलं तेव्हा ते नवीनच होतं. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. ते मराठीतलं पहिलं स्वतंत्र शोकांत नाटक मानतात. थेऊरला १७७२ मध्ये माधवराव क्षयानं गेले आणि रमाबाई सती गेल्या, तो हा इतिहास. आम्ही इथं थांबलो. मराठीतल्या पहिल्या शोकांतिकेच्या शेवटी एका बाईची चिता आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यानंतर इंग्रजीतला शेक्सपिअर मराठीत आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेलं ‘ऑथेल्लो’चं भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आता आपलं अकोलं येतं. विष्णु मोरेश्वर महाजनी अकोल्याच्या शाळेत शिक्षक होते, पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात मोठ्या पदावर गेले. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’वरून त्यांनी १८७९ मध्ये ‘तारा’ लिहिलं. त्यात निर्दोष बायकोवर नवरा संशय घेतो. त्याच अकोल्याच्या शाळेत गोपाळ गणेश आगरकर नावाचा एक गरीब मुलगा शिकत होता. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा पोरगा नातेवाइकांच्या आधारानं वऱ्हाडात आला आणि इथूनच १८७५ मध्ये मॅट्रिक झाला. पुढे १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथं आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचं काम केलं. ते ‘विकारविलसित’ या नावानं १८८३ मध्ये आलं. मुलींना शिकू द्या, बालविवाह थांबवा, विधवांना छळू नका, असं आयुष्यभर लिहिणारा हाच माणूस. अकोल्याला बाजाराला किंवा दवाखान्यात जाताना हे आठवा. ही नाटकं फक्त पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यातली नाहीत.

गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’ला मराठी कपडे चढवले आणि ‘झुंझारराव’ लिहिलं. डेस्डिमोनाची झाली कमळजा, कपटी इयागोचा झाला जाधवराव. गोष्ट तीच. शूर सरदार आपल्या बायकोवर जीव टाकतो. पण हाताखालचा एक माणूस त्याच्या कानात संशयाचं विष ओततो, आणि नवरा निर्दोष बायकोचा जीव घेतो.

या नाटकात सगळं फिरतं एका रुमालाभोवती. इथं आम्हाला प्रतीक म्हणजे काय ते कळलं. मोठा शब्द वाटतो, पण गोष्ट साधी आहे. आपल्यासाठी कुंकू म्हणजे नुसती लाल भुकटी नसते, आणि रिकामा पाळणा म्हणजे नुसतं लाकूड नसतं. वस्तू एक, तिच्या मागे अर्थ दुसरा. नाटकातलं प्रतीक ओळखायला आम्ही तीन प्रश्न ठरवले. वस्तू पहिल्यांदा कोणाच्या हातात दिसते? मग कोणाकोणाच्या हाती जाते? आणि शेवटी तिचा अर्थ पहिल्यासारखाच राहतो का?

रुमालाला हे प्रश्न लावून बघू. ऑथेल्लोला तो आईकडून मिळालेला. बायकोला दिलेली ती त्याची पहिली भेट, म्हणजे आधी रुमालाचा अर्थ प्रेम. डेस्डिमोनाच्या हातून तो पडतो. इयागोची बायको एमिलिया तो उचलते आणि नवऱ्याला खूश करायला त्याला देते. इयागो तो दुसऱ्या पुरुषाच्या खोलीत टाकतो. आता रुमालाचा अर्थ बदफैली. कापड तेच, त्यावरची वेलबुट्टी तीच. अर्थ बदलला तो पुरुषाच्या मनात. मात्र जीव गेला बाईचा. बाईच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून एक चिंधी पुरते, हे शेक्सपिअरनं चारशे वर्षांपूर्वी दाखवलं. आज रुमालाच्या जागी मोबाईलमधला मिस्ड कॉल असतो, एवढाच फरक.

आता पुन्हा गडकऱ्यांकडे येऊ. त्यांचे नाट्यगुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्याच भागातले. खामगाव आणि जळगाव जामोद इथं त्यांनी वकिली केली. तेल्हाऱ्याहून संग्रामपूर ओलांडलं की पुढे जळगाव जामोद. कोल्हटकरांनी १९०१ च्या ‘मूकनायक’ नाटकात दारूचा प्रश्न आणला होता, पण त्याचा शेवट सुखाचा. शिष्यानं तोच प्रश्न घेतला आणि गोड शेवट नाकारला. आम्हाला वाटतं, शोकांतिका लिहायला इथंच धाडस लागतं. खोटा दिलासा द्यायचा नाही.

‘एकच प्याला’ रंगमंचावर आलेलं पाहायला गडकरी उरले नाहीत. क्षयानं खंगलेले गडकरी नागपूरजवळ सावनेरला भावाकडे आले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी तिथंच गेले. वय अवघं ३३. पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं या नाटकाचा पहिला प्रयोग केला.

त्यातला सुधाकर हुशार वकील आहे. कोर्टात अपमान होतो, काही काळ सनद जाते, आणि दुःख विसरायला तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. प्याल्याला आपले तीन प्रश्न लावा. पहिल्यांदा तो औषध असतो. मग मित्रमंडळींची मजा होतो. मग सवय, मग मालक. शेवटी सुधाकर त्याच प्याल्यात विष घालून पितो. नाटकाच्या नावातला ‘एकच’ हा शब्दच फसवा आहे. पहिला पिणाराही एकच म्हणतो आणि शेवटचा पिणाराही.

प्याल्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं आहे. आम्ही बाया वाचत होतो म्हणून आमचं लक्ष दुसऱ्याच वस्तूकडे गेलं. ती म्हणजे जातं. सिंधूचं माहेर श्रीमंत. पण माहेरचा पैसा न घेता ती लोकांचं दळणकांडण करून घर चालवते. त्या घरात दोन वस्तू समोरासमोर आहेत. नवऱ्याचा प्याला आणि बायकोचं जातं. प्याला जेवढं रिकामं करतो तेवढं जातं भरू पाहतं. आमच्या गटात तीन जणींच्या घरी हाच हिशेब चालतो. जात्याच्या जागी शिवणयंत्र आहे किंवा रोजंदारीचा विळा. नाटकाचं नाव प्याल्यावरून पडलं. जात्याचं नाव कोणी घेतलं नाही.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. सिंधू खोटं का बोलली? आम्ही ‘ऑथेल्लो’ पुन्हा उघडलं. तिथं डेस्डिमोनाही मरता मरता नवऱ्याला वाचवते आणि दोष स्वतःवर घेते. देश वेगळा, मध्ये तीनशे वर्षांचं अंतर, तरी दोघी शेवटच्या श्वासाला तेच खोटं बोलतात. रमाबाईंची चिता आठवा. पुरुषाची चूक किंवा पुरुषाचं मरण, आणि त्याची किंमत बाईच्या जिवानं. बाई गेल्यावर मग पुरुषाला उमगतं.

यात अजून एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. ग्रीसमध्ये बायकांच्या भूमिका पुरुष करत. शेक्सपिअरच्या नाटकांत पोरं करत. सिंधू पहिल्यांदा रंगमंचावर आली ती बालगंधर्वांच्या रूपात, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाच्या रूपात. लिहिणारे पुरुष, करणारेही पुरुष. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तेव्हा त्याचंही अप्रूप वाटलं. बालगंधर्व फार मोठे कलावंत, त्यांची सिंधू पाहून लोक ढसाढसा रडत. पण बाईनं कसं सोसावं हे बायकांना कित्येक वर्षं पुरुषांनी साडी नेसून दाखवलं, हेही खरं.

मग ही नाटकं टाकून द्यायची? आमच्यात यावर भांडणच झालं. एक जण म्हणाली, सिंधूला देवी करून आपल्याला गप्प बसायला शिकवलं. दुसरी म्हणाली, नाटक नीट वाच, सिंधूच्या सोसण्यानं काय वाचलं? लेकरू वाचलं नाही, ती वाचली नाही, आणि जो नवरा वाचावा म्हणून ती खोटं बोलली तोही वाचला नाही. गडकऱ्यांच्या मनात सिंधूबद्दल पूज्यभाव असेल. पण त्यांनी शेवट गोड केला नाही, म्हणून त्या खोट्यातून काहीच निष्पन्न होत नाही हेही त्यांच्याच नाटकात उघडं पडतं. शेवटी आम्हाला हे दुसरं म्हणणं पटलं.

दोन्ही नाटकांत अजून एकेक बाई आहे, जिच्यासाठी लोक रडत नाहीत. ‘एकच प्याला’मध्ये तळीरामाची बायको गीता. ती नवऱ्याच्या व्यसनाला तोंडावर बोल लावते. ‘ऑथेल्लो’मध्ये एमिलिया. रुमाल उचलून देण्याची चूक तिनंच केली, पण शेवटी खरं काय ते सगळ्यांसमोर तीच ओरडून सांगते. गप्प राहा म्हणणाऱ्या नवऱ्याचं ती ऐकत नाही, आणि तो तिला मारतो. डेस्डिमोनाचं निर्दोषपण जगाला कळतं ते एमिलियामुळे. शेजारणीनं, मैत्रिणीनं तोंड उघडलं तरच खरं बाहेर येतं. आमच्यासाठी या नाटकाचा सगळ्यात मोठा धडा हाच. फक्त एमिलियानं तोंड उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

सिंधूच्या काळी तिला जायला जागा नव्हती. आज घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्यात नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची मागणी हे सारं आहे, आणि तुरुंगाची भीती न घालताही मदत मागता येते. फोनवर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, तातडीला ११२ आहे. कायदा आहे म्हणून सगळं सोपं झालं असं आम्ही म्हणत नाही. ठाण्याची पायरी चढताना पाय किती जड होतात ते आम्हाला माहीत आहे. म्हणूनच कोणी एकटीनं चढू नये.

त्या दिवशी वाचन संपल्यावर मावशी निघताना म्हणाली, “नाटकातली मेली, तिले आता काय सांगू. पण माह्या गल्लीतली जित्ती हाये.” दुसऱ्या दिवशी ती त्या घरी चहाला गेली. काही बोलली नाही, फक्त बसून आली. त्यानंतर ती दर दोन दिवसांनी जाते.

मैत्रिणींनो, तुमच्याही गल्लीत कोणी पायरीवरून पडली असेल. तिच्याकडे जाऊन बसा. पुढच्या वेळी आम्ही ‘झुंझारराव’ वाचणार आहोत, तेव्हा कमळजेची गोष्ट सांगू. तोवर रामराम.