शिक्षकांचे वाचन : ‘शालापत्रक’ ते ‘दिवास्वप्न’

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. तासांची नोंद ठेवणे सोपे असते. शिक्षकाने काय वाचावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रात सुमारे दीडशे वर्षांहून अधिक काळ रेंगाळलेला आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. जुन्या पंतोजींच्या जागी प्रशिक्षित शिक्षक आणणे हे त्याचे एक मुख्य काम होते. एकदा खेड्यात रुजू झालेल्या मास्तरास ग्रंथालय नव्हते, चर्चेस सहकारी नव्हते. या पार्श्वभूमीवर १८६१ मध्ये खात्याच्या आश्रयाने ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक निघाले. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ते चालविले. सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणणारा आणि ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ लिहिणारा हा पंडित शिक्षकाला केवळ पाठ्यपुस्तकाचा वाहक मानणे शक्य नव्हते.

१८६८ पासून त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचे लेखन या पत्रकातून येऊ लागले. कालांतराने संपादनाचे कामही त्यांच्याकडे आले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या संस्कृत कवींवरील त्यांचे प्रसिद्ध निबंध प्रथम येथेच छापले गेले. आजच्या मोजपट्टीने कादंबरीकार बाणावरील निबंध ‘व्यावसायिक विकासा’त बहुधा बसला नसता! परंतु प्राथमिक शिक्षकाला साहित्याचा जाणता वाचक समजून त्याच्याशी बरोबरीने बोलणे, हेच या लेखनाचे वैशिष्ट्य होते. मिशनरी व सरकारी धोरणे यांवरील टीका पत्रकातून वाढू लागली, तेव्हा १८७५ मध्ये सरकारने ते बंद केले. खात्याच्या आश्रयाने चालणाऱ्या वाचनाची मर्यादा येथे स्पष्ट झाली. विष्णुशास्त्र्यांना फारशी अडचण आली नाही. १८७४ मध्येच त्यांनी स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. वाचन तुटले ते मास्तरांचे.

तथापि ‘शालापत्रका’चा हा वाचक कोण होता, हे विसरता येत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण असल्याकडे लक्ष वेधले. शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक घ्यावेत, त्यांचा पगार वाढवावा आणि अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान यावे, अशी त्यांची मागणी होती. ज्या शिक्षकाची फुले यांना अपेक्षा होती, त्याच्यासाठी बाणभट्टावरील निबंध पुरेसा नव्हता. आणि अपुऱ्या पगारात कोणत्याही वाचनाची अपेक्षा करणे हेही फारसे न्याय्य नव्हते.

विसाव्या शतकात या वाचनाचा उगम खात्याबाहेर सरकला. भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि त्याची ‘शिक्षणपत्रिका’ १९३३ पासून ताराबाईंनी मराठीतही चालविली. त्याच सुमारास गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ प्रसिद्ध झाले. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो, एवढेच त्याचे कथानक. पहिल्या दिवशी त्याने घरून आखून आणलेला शांततेचा खेळ पूर्णपणे फसतो. मुले आरडाओरडा करतात, तो त्यांना सुटी देऊन टाकतो आणि मुख्याध्यापकांची बोलणी खातो. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्टी सांगू लागतो. शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत पहिलाच पाठ अपयशाचा असणे दुर्मिळ आहे. गिजुभाईंचा उपदेश वाचकाला पटतो तो बहुतांशी या पहिल्या दिवसामुळेच. एक आक्षेप मात्र घेता येतो : लक्ष्मीरामाला साहेबाची परवानगी होती आणि वर्ग एकच होता. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकदम सांभाळणाऱ्याला हे पुस्तक वाचताना सुस्कारा सुटला तर नवल नाही.

ताराबाईंनी ही उणीव ओळखली असावी. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह, त्यांनी बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. तेथे महागडी माँटेसोरी साधने परवडणारी नव्हती. शंख, बिया, दगड, पाने हीच साधने झाली, आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर अंगणवाडी मुलांच्या अंगणात नेण्यात आली.